जिल्हा परिषद शाळेचे दप्तर, पोर्टले आणि गुगल लिंका : एकच नोंद एकदाच करता येईल का?

घाटमाथा (धागाकर्ता)

नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. मुख्याध्यापकपदाचा कार्यभारही माझ्याकडेच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या पटावर साठपर्यंत मुले असली की दोन शिक्षक मिळतात. त्या दोघांनी पाच वर्ग शिकवायचे आणि शाळेचे सगळे दप्तरही सांभाळायचे, कारण प्राथमिक शाळेला लिपिक नसतो आणि शिपाईही नसतो. एक शिक्षक तालुक्याला बैठकीस गेला की त्या दिवशी पाचही वर्ग दुसऱ्यासमोर एकाच खोलीत बसतात.

जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामे या धाग्याचा विषय नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये त्यांचा अपवाद केलेला आहे आणि त्यावर पुष्कळ चर्चा होऊन गेली आहे. शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा शासन निर्णयही ऑगस्ट २०२४ मध्ये निघाला. बाहेरून येणारे काम त्या वर्गवारीमुळे ओळखता येते. शाळेच्याच माहितीचे काम मात्र वर्षागणिक वाढत चालले आहे, ते कमी कसे करायचे हा माझा प्रश्न आहे.

राज्यात २०१५ मध्ये ‘सरल’ ही शाळा आणि विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्याची प्रणाली आली, तेव्हा एकदा माहिती भरली की पुन्हा कोणी मागणार नाही, अशी आमची समजूत होती. २०२२-२३ पासून युडायस प्लस या देशभरातील शाळांच्या माहितीच्या पोर्टलवरही प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र माहिती भरावी लागते. त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याचा कायम शिक्षण क्रमांक आणि बारा अंकी अपार क्रमांक, असे दोन ओळख क्रमांक आले. पोषण आहाराचा रोजचा आकडा, हजेरी, चाचण्यांचे गुण, शिष्यवृत्ती, गणवेश, पाठ्यपुस्तके आणि आरोग्य तपासणी यांच्या नोंदी वेगळ्या आहेतच. इतके सगळे भरून झाल्यावरही व्हॉट्सॲपच्या गटावर लिंक येते. तिच्यावर ‘अतितात्काळ, आजच’ असे लिहिलेले असते आणि तिच्यात मुलींची प्रवर्गनिहाय संख्या विचारलेली असते. ही संख्या किमान दोन पोर्टलांवर आधीच असते. सांगण्यासारखे काही नसेल तर ‘निरंक’ अहवाल पाठवावा लागतो, आणि तो पाठवला नाही म्हणून दूरध्वनी येतो.

डिजिटल साधने आली, पण कागद गेला नाही. वहीतली नोंद वहीत राहिली आणि मोबाइलवरच्या नोंदीची तिच्यात भर पडली. ज्या शाळांनी किंवा केंद्रांनी (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटांनी) हा भार प्रत्यक्षात कमी केला असेल, त्यांनी नेमके काय केले ते लिहावे, ही विनंती.

निफाडकर बाई

सर, आमची शाळा सात शिक्षकांची असल्यामुळे आपल्याइतकी ओढाताण होत नाही. तरी आमच्याकडे जे उपयोगी पडले ते सविस्तर लिहिते, कारण त्याला नवे ॲप लागत नाही आणि इंटरनेटही महिन्यातून फार वेळा लागत नाही.

आम्ही शाळेचा एकच मूळ तक्ता एक्सेलमध्ये ठेवला आहे. त्यात प्रत्येक मुलाची एक ओळ असते आणि ती ओळ जनरल रजिस्टरच्या, म्हणजे शाळेतल्या प्रवेशाच्या कायम नोंदवहीच्या, क्रमांकाने ओळखली जाते, नावाने नव्हे. नावाचे स्तंभ दोन आहेत. एकात जनरल रजिस्टरप्रमाणे नाव असते आणि दुसऱ्यात आधारप्रमाणे. संचमान्यता, म्हणजे पटावरून शाळेला मिळणारी शिक्षकसंख्या, आधार वैध झालेल्या पटाशी जोडली गेल्यापासून शाळेचा सर्वाधिक वेळ या दोन नावांतल्या फरकातच जातो. वडिलांचे नाव मधे आहे की शेवटी, ‘बाई’ किंवा ‘भाऊ’ जोडले आहे की नाही, आडनाव आधी आहे की नंतर, अशा बारीक फरकांमुळे पडताळणी अडकते. दोन्ही नावे शेजारी ठेवली आणि न जुळणाऱ्या ओळींना रंग दिला, म्हणजे कोणत्या पालकाला आधार केंद्रावर पाठवायचे ती यादी आपोआप तयार होते. वयाची पाच आणि पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे अद्ययावत करावे लागतात. पहिलीत येणाऱ्या मुलांपैकी कोणाचे ते काम राहिले आहे, तेही जन्मतारखेच्या स्तंभावरून गाळून काढता येते.

आता ज्या चुकांमुळे लोक एक्सेलला कंटाळतात, त्यांच्याविषयी. आधार क्रमांक लिहिण्यापूर्वी त्या स्तंभाची मांडणी ‘मजकूर’ अशी करून घ्यावी. तसे केले नाही तर बारा अंकी संख्या दशांश चिन्ह आणि इंग्रजी ई अशा विचित्र रूपात दिसू लागते. बँक खात्याचे त्याहून वाईट आहे. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूक राहते, त्यामुळे सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो आणि शिष्यवृत्ती परत का गेली हे कोणालाच कळत नाही. जन्मतारखेत दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते. पाच जूनचा मुलगा सहा मेचा होऊन बसतो, आणि दिवसाचा आकडा बारापेक्षा मोठा नसेल तर चूक डोळ्यांना दिसतही नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या फॉन्टांमध्ये साठवलेली माहिती दुसऱ्या संगणकावर निव्वळ अगम्य चिन्हे होऊन उमटते, आणि आमच्याकडची कित्येक वर्षांची माहिती त्यामुळेच पुन्हा लिहावी लागली.

मूळ तक्ता एकदा नीट झाला की इयत्तानिहाय, प्रवर्गनिहाय किंवा मुलगे-मुली असा कोणताही गोषवारा एक्सेलमधल्याच पिव्होट सारणीने लगेच निघतो. प्रगतिपत्रकांवरची नावे, जन्मतारखा आणि हजेरीचे दिवस मेल मर्जने, म्हणजे तक्त्यातली माहिती ठरलेल्या नमुन्यात आपोआप भरून, छापता येतात, त्यामुळे एप्रिलअखेरची हाताने लिहिण्याची रात्रपाळी आमच्याकडे बंद झाली. वर्णनात्मक नोंदी मात्र आम्ही प्रत्येक मुलाचा विचार करून स्वतःच लिहितो. तयार वाक्यांची यादी ठेवून त्यातली वाक्ये चिकटवण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण त्यात वेळ वाचतो पण मूल्यमापन होत नाही.

सातपूरचा संगणकवाला

मी शिक्षक नाही. येथे एका संगणक कंपनीत नोकरी करतो आणि पत्नी प्राथमिक शिक्षिका असल्यामुळे हे सगळे घरात पाहतो. वरचे वाचून असे वाटले की, जिल्ह्यासाठी एकच ॲप तयार करून त्यात हजेरी, आहार आणि गुण अशा सर्व गोष्टी एकत्र आणता येतील. काही मित्र मिळून असे ॲप विनामूल्य करून देण्यास तयार आहेत.

निफाडकर बाई

आपल्या भावनेबद्दल आदर आहे, परंतु कृपया नवे ॲप नको. प्रत्येक नवे ॲप ‘सर्व काही एकत्र’ म्हणूनच येते आणि आधीच्या ॲपांच्या रांगेत जाऊन उभे राहते. जुनी जागा कोणी रिकामी करत नाही.

सातपूरचा संगणकवाला

मान्य. मग ॲप बाजूला ठेवून फक्त लिंकांबद्दल लिहितो. पत्नीकडे येणारे गुगल फॉर्म पाहिल्यावर लक्षात आले की निम्मा त्रास ते बनवण्याच्या पद्धतीतून येतो. प्रत्येक फॉर्ममध्ये शाळेचे नाव, केंद्र, तालुका, मुख्याध्यापकांचे नाव आणि भ्रमणध्वनी हे सगळे पुन्हा विचारलेले असते आणि उत्तर मोकळ्या चौकटीत लिहायचे असते. त्यामुळे एकाच केंद्राचे नाव कोणी ऱ्हस्व लिहितो, कोणी दीर्घ, कोणी इंग्रजीत, तर कोणी पुढे ‘केंद्र’ शब्द जोडतो. संगणक या सर्वांना वेगवेगळी केंद्रे समजतो, तालुक्याला एकत्रीकरण करता येत नाही, आणि मग तीच माहिती ‘विहित नमुन्यात’ पुन्हा मागवली जाते.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. फॉर्ममध्ये फक्त शाळेचा अकरा अंकी युडायस क्रमांक विचारावा आणि अकरापेक्षा कमी-अधिक अंक स्वीकारलेच जाणार नाहीत अशी अट घालावी. शाळा, केंद्र आणि तालुका ही नावे कार्यालयाने आपल्याकडच्या यादीतून त्या क्रमांकावरून जोडून घ्यावीत. प्रवर्गासारख्या प्रश्नांना निवडीची यादी द्यावी. शक्य असेल तेथे कार्यालयाकडे असलेली संख्या आधीच भरून पाठवावी आणि शाळेने ‘बरोबर आहे’ किंवा ‘बदल आहे’ एवढेच सांगावे. यासाठी पैसे लागत नाहीत. फॉर्म बनवणाऱ्या व्यक्तीला थोडे अधिक काम पडते आणि तालुक्यातील सर्व शाळांचे काम कमी होते.

निवृत्त विस्तार अधिकारी

चर्चा एकांगी होऊ नये म्हणून कार्यालयाची बाजू मांडतो. मी या जिल्ह्यातच विस्तार अधिकारी होतो आणि त्यापूर्वी अनेक वर्षे शिक्षक होतो.

पोर्टलवर माहिती असताना ती पुन्हा का मागतात, याचे पहिले कारण दिनांक हे आहे. युडायस आणि संचमान्यता यांचा पट ३० सप्टेंबरचा असतो. जानेवारीत विधिमंडळाच्या प्रश्नासाठी किंवा एखाद्या योजनेच्या मागणीसाठी ‘आजचा’ पट हवा असेल, तर सप्टेंबरचा आकडा देता येत नाही. दुसरे कारण अधिकारांचे आहे. तालुका पातळीवरील माणसाला पोर्टल पाहता येते, परंतु त्यातली माहिती हव्या त्या आकारात काढून घेता येईलच असे नसते. त्यामुळे तोही हतबल असतो आणि शाळेला दूरध्वनी करणे हाच त्याला सर्वांत जवळचा मार्ग वाटतो. तिसरे कारण सांगायला अप्रिय आहे. पोर्टलवरच्या आकड्यावर कार्यालयाचा पूर्ण विश्वास नसतो, कारण रात्री घाईत भरलेल्या माहितीत चुका असतात. चुका असतात म्हणून पुन्हा मागवायचे आणि पुन्हा मागवल्यामुळे शिक्षक आणखी घाई करतात, असे हे चक्र आहे.

कागद संपूर्ण बंद करा, असे म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे. हजेरीची वही किंवा आहाराची साठावही संगणकावर गेली तर हरकत नाही, पण जनरल रजिस्टर ही शाळेच्या ताब्यातील सर्वांत मोलाची वस्तू आहे. जन्मतारीख आणि जात यांच्या नोंदींसाठी माणसे आपल्या आजोबा-पणजोबांची शाळा शोधत येतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभरातील शाळांच्या जुन्या रजिस्टरांची पाने उलटली गेली, काही ठिकाणी मोडी वाचणारे शोधावे लागले. इतक्या वर्षांनंतर ती पाने उलटता आली, कारण कागद उरला होता. आजच्या पोर्टलचा पासवर्ड शंभर वर्षांनी कोणाकडे असेल, याची खात्री मला कोणी देऊ शकत नाही. जुन्या रजिस्टरांची पाने स्कॅन करून ठेवावीत आणि शोधसूची संगणकावर करावी, पण मूळ नोंद शाईनेच व्हावी.

घाटमाथा (धागाकर्ता)

सर, जनरल रजिस्टरबद्दल पूर्ण सहमत आहे. माझा आक्षेप रोजच्या नोंदींच्या पुनरुक्तीला आहे. पोषण आहाराचेच पाहा. पहिली ते पाचवीसाठी प्रत्येक मुलामागे दररोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम आणि ३० ग्रॅम असे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे आज पाचवीपर्यंतची ४० मुले जेवली, एवढे एकदा सांगितले की ४ किलो तांदूळ आणि ८०० ग्रॅम डाळ खर्च झाली हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. तरीही उपस्थितीचा आकडा मोबाइलवर पाठवायचा, वहीत लाभार्थी लिहायचे, साठावहीत खर्च आणि शिल्लक लिहायची, चव घेतल्याची नोंद वेगळी करायची, आणि महिनाअखेरीस हेच सर्व मासिक प्रपत्रात उतरवून त्याच्या प्रती काढायच्या. शिल्लक तांदळाचा हिशेब एका दिवशी चुकला तर तो पुढच्या प्रत्येक दिवसाला चुकवत जातो. चव घेणे सोडले तर या साखळीत माणसाचे डोके कोठेच लागत नाही, नुसता आकडे उतरवणारा हात लागतो.

दिंडोरी केंद्र

मी दिंडोरी तालुक्यात केंद्रप्रमुख आहे. मधल्या जागेवर बसलेला असल्यामुळे वरून आलेली प्रत्येक लिंक मीच पुढे ढकलतो, तेव्हा शिव्याही माझ्याच वाट्याला येतात.

आमच्या केंद्राने पोषण आहारासाठी एक साधा तक्ता केला आहे. त्यात रोज फक्त उपस्थितीचा आकडा भरायचा, बाकी खर्च, शिल्लक आणि मासिक गोषवारा सूत्रांनी निघतो. महिनाअखेरीस त्याची छापील प्रत काढून मुख्याध्यापक सही-शिक्का करतात आणि ती वहीत चिकटवतात. हा तक्ता करायला एका शिक्षकाची दुपार गेली असेल. खरा वेळ गेला तो ‘छापील प्रत तपासणीत चालेल का’ या प्रश्नावर, कारण तोंडी सगळेच ‘चालेल’ म्हणतात आणि लेखापरीक्षणाच्या वेळी हाताने लिहिलेली वही मागतात. म्हणून मी केंद्रातील शाळांना सांगितले आहे की, लेखी आदेश हाती पडेपर्यंत वही बंद करायची नाही. डिजिटल साधन आणताना ‘अमुक नोंदवही आजपासून बंद’ असे एक वाक्य त्याच परिपत्रकात असले पाहिजे. ते नसेल तर त्या साधनाने भार कमी होणार नाही, हा माझा पक्का अनुभव आहे.

दुसरी गोष्ट आम्ही केली ती तांत्रिक नाहीच. कोणत्या कार्यालयाने, कोणत्या दिवशी, कोणती माहिती मागितली याची एक वही मी ठेवू लागलो. ती वाचल्यावर दिसते की मागण्यांचा मोठा भाग आधीच कोठेतरी भरलेल्या माहितीचा असतो. आता अशी मागणी आली की मी शाळांना न विचारता केंद्राच्या तक्त्यातून उत्तर देतो आणि फक्त खरोखर नवी माहिती असेल तीच शाळांकडे पाठवतो. तक्त्यात प्रत्येक शाळेला आपलीच ओळ बदलता येते, बाकीचे स्तंभ कुलूपबंद आहेत. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेपूर्वी, म्हणजे केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीपूर्वी, शाळा तो अद्ययावत करतात, आणि त्यातून ‘आजचा’ पट देण्याची अडचणही बऱ्यापैकी सुटते.

पंचवटीतील पालक

मुलगी महापालिकेच्या शाळेत तिसरीत आहे. शिक्षकांच्या अडचणी समजतात, परंतु पालक म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. शाळेत गेल्यावर पुष्कळदा बाईंच्या हातात मोबाइल दिसतो आणि मुले फळ्यावरचे उतरवून घेत असतात. मुलांना घरी मोबाइल पाहू नका असे सांगायचे आणि शाळेत हे दृश्य, याचे काय करावे?

निफाडकर बाई

आपले निरीक्षण खरे आहे आणि ते ऐकताना आम्हालाच अवघडल्यासारखे होते. हजेरी सकाळच्या वेळेतच जावी लागते. राज्यात २०२३ च्या डिसेंबरपासून हजेरीसाठी चॅटबॉटही आला, तेव्हा शिक्षक संघटनांनी ‘किती ॲप’ हाच प्रश्न उपस्थित केला होता. त्याशिवाय प्रत्येक उपक्रमाचे, प्रत्येक जयंतीचे आणि प्रत्येक शपथेचे छायाचित्र त्याच दिवशी मागितले जाते. माझ्या मते सर्वांत आधी कोणती डिजिटल मागणी बंद व्हावी असे विचारले, तर मी छायाचित्रे म्हणेन. उपक्रम झाला की नाही हे छायाचित्रावरून कळत नाही. मुले ओळीने उभी होती, एवढेच कळते.

आम्ही शाळेत ठरवून घेतले आहे की हजेरीखेरीज कोणतीही लिंक परिपाठ ते मधली सुट्टी या वेळेत उघडायची नाही. एखादी लिंक उशिरा भरल्याबद्दल खुलासा द्यावा लागला तर तो मुख्याध्यापकांनी द्यायचा. हे मोठ्या शाळेत शक्य होते. घाटमाथा सरांच्या शाळेत खुलासा देणारे आणि शिकवणारे एकच आहेत, याची मला जाणीव आहे.

सातपूरचा संगणकवाला

थोडा आकडेवारीचा संदर्भ देतो. राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेचा, म्हणजे नीपाचा, २०१८ चा अहवाल शिक्षकांच्या अध्यापनेतर कामांवरच आहे. त्यात शिक्षकांच्या वार्षिक शालेय वेळेपैकी १९.१ टक्के वेळ प्रत्यक्ष अध्यापनात जातो असे म्हटले आहे. शाळेशी संबंधित, पण अध्यापन नसलेल्या कामांचा वाटा ३१.८ टक्के आणि इतर विभागांच्या कामांचा ६.५ टक्के आहे.

निवृत्त विस्तार अधिकारी

तो आकडा वापरताना जपून वापरावा. उरलेला ४२.६ टक्क्यांचा मोठा हिस्सा त्या अहवालाने ‘अध्यापनेतर, पण मूळ’, म्हणजे शिकवण्याशीच निगडित, कामांचा मानला आहे. ‘शिक्षक फक्त एक पंचमांश वेळ काम करतात’ असा मथळा त्यातून बनवला की तो शिक्षकांच्याच विरोधात जातो. मला त्या अहवालात महत्त्वाचे वाटते ते हे की इतर विभागांच्या कामापेक्षा शाळेच्या स्वतःच्या कारभाराचा वाटा कितीतरी मोठा आहे. आपण सर्व जण निवडणुकीच्या कामावर चिडतो, पण वेळ जातो तो दप्तरात.

हे केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत जपानमधील प्राथमिक शिक्षकांचा आठवडा ५४.४ तासांचा निघाला. तो देश तंत्रज्ञानात मागासलेला नाही, तरी शिक्षकाच्या टेबलावरचे काम केवळ यंत्रांनी हटले नाही. इंग्लंडने २०१६ मध्ये मुलांचे लेखन तपासून शेरे देणे, पाठनियोजन आणि माहिती व्यवस्थापन या तीन विषयांवर स्वतंत्र अहवाल करून घेतले. माहितीच्या अहवालात साधनांच्याही आधी ‘ही माहिती कशासाठी गोळा करतो?’ हा प्रश्न ठेवला होता. आपल्याकडे तो प्रश्न विचारणारा माणूसच नेमलेला नाही.

दिंडोरी केंद्र

एका महत्त्वाच्या ठिकाणी अधिक डिजिटल काम हवे आहे, तेही येथे मांडतो. द्राक्षबागांच्या छाटणीपासून काढणीपर्यंत पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वरकडील कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे कामाला येतात. त्यांची मुले बागेशेजारच्या आमच्या शाळांत येऊन बसतात. मुलाचे नाव मूळ गावाच्या पटावर असते आणि ते प्रत्यक्षात आमच्याकडे असते. मूळ शाळेत त्याची गैरहजेरी लागते आणि आमच्याकडे त्याच्या नावाची ओळच नसते. स्थलांतरित मुलांसाठीचे शिक्षण हमी कार्ड यासाठीच आहे, परंतु ते कागदाचे असल्यामुळे बहुतेक वेळा ते गावी राहते आणि मूल मात्र येथे येते.

आता प्रत्येक मुलाला कायम शिक्षण क्रमांक आहे. त्या क्रमांकावरून ‘हे मूल अमुक महिने अमुक शाळेत उपस्थित आहे’ अशी तात्पुरती नोंद यजमान शाळेला करता आली आणि ती मूळ शाळेला दिसली, तर दोन्ही शाळांचे दूरध्वनी आणि पत्रे वाचतील, मुलाची हजेरी तुटणार नाही आणि त्याच्या आहाराचा हिशेबही योग्य जागी लागेल. पोर्टल बनवणाऱ्यांनी हे काम आधी हाती घेतले असते तर आमच्या भागातल्या शिक्षकांनी ते आनंदाने भरले असते.

घाटमाथा (धागाकर्ता)

हे अगदी माझ्या शाळेचे दुःख आहे. दिवाळीनंतर आमचा पट कागदावर तेवढाच असतो आणि वर्ग ओसरत जातो. पालक कोणत्या बागेवर आहेत हे विचारत फिरण्यात जो वेळ जातो त्याची कोणत्याही अहवालात नोंद नाही, आणि त्या वेळेबद्दल माझी तक्रारही नाही. ते शिक्षकाचेच काम आहे. त्यासाठी वेळ उरावा म्हणूनच बाकीची उतरवाउतरव थांबायला हवी.

नेटवर्कचे मात्र लक्षात ठेवावे लागेल. आमच्याकडे दिवसा पोर्टल उघडत नाही आणि रात्री उशिरा उघडले तर विजेचा भरवसा नसतो. त्यामुळे नेटशिवाय भरता येईल आणि नेट मिळाल्यावर आपोआप पुढे जाईल अशीच पद्धत येथे चालेल. सामाईक ऑनलाइन तक्ता आमच्या केंद्राला तितकासा उपयोगी पडणार नाही.

सातपूरचा संगणकवाला

त्यासाठी प्रत्येक शाळेने एक्सेलचा तक्ता आपल्याकडेच ठेवावा आणि महिन्यातून एकदा केंद्रप्रमुखांना पेनड्राइव्हवर द्यावा, हेही चालेल. जुनाट वाटले तरी ते विश्वासार्ह आहे. फक्त एक खबरदारी घ्यावी. आधार क्रमांक आणि बँक खाते असलेली फाइल व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये, आणि ‘लिंक असलेल्या सर्वांना पाहता येईल’ अशी ऑनलाइनही ठेवू नये. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची अपेक्षा आहे. शाळांना त्यातून कोठे सूट आहे हा वकिलांचा विषय झाला. पण चारशे सभासदांच्या गटावर मुलांची आधारकार्डे फिरणे कोणत्याही कायद्याशिवायही चुकीचेच आहे.

निवृत्त विस्तार अधिकारी

घाटमाथा सर, आपण केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा विषय मांडणार असाल तर निवेदन भले मोठे लिहू नका. भले मोठे निवेदन ‘नोंद घेतली’ या शेऱ्यासह फायलीत जाते. एकाच नोंदवहीचे नाव घ्या, ती संगणकीय तक्त्याच्या सही-शिक्क्याच्या प्रतीने बदलण्याची लेखी परवानगी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मागा, आणि नमुना सोबत जोडा. अधिकाऱ्याला ‘हो’ म्हणणे सोपे जाईल अशा आकारातच मागणी असावी. साठावहीपासून सुरुवात करणे मला योग्य वाटते, कारण तेथे सूत्र ठरलेले आहे आणि वाद होण्यास जागा नाही.

घाटमाथा (धागाकर्ता)

साठावहीच घेतो. दिंडोरीचे सर, आपल्या केंद्राचा आहाराचा तक्ता आणि बाईंचा मूळ तक्ता, दोन्हींचे रिकामे नमुने मिळाले तर पुढच्या परिषदेच्या आधी आमच्या केंद्रातील दोन-तीन शाळांत वापरून पाहतो.

दिंडोरी केंद्र

आहाराचा तक्ता ईमेलने पाठवतो. पहिल्या पानावर मागील महिन्याची प्रत्यक्ष शिल्लक तराजूवर मोजून भरा, वहीतली उतरवू नका. पूरक आहाराचा स्तंभ आमच्याकडच्या पाककृतींप्रमाणे आहे, तो आपल्याकडच्या ठरलेल्या पाककृतींप्रमाणे बदलावा लागेल.

निफाडकर बाई

मूळ तक्त्याचा रिकामा नमुना पाठवला आहे. आधार आणि बँक खात्याचे स्तंभ वेगळ्या, पासवर्ड असलेल्या फाइलमध्ये ठेवले आहेत, दोन्ही फायली जनरल रजिस्टरच्या क्रमांकाने जोडल्या जातात. माहिती भरण्यापूर्वी संगणकाच्या तारखेची मांडणी दिवस-महिना-वर्ष अशी आहे ना ते तपासावे, आणि सुरुवात पहिलीच्या वर्गापासून करावी, कारण त्या मुलांच्या नोंदी अजून एकाच ठिकाणी असतात.